आधी पाय बघा, मग डोकं, मग आकडा: बजेटमधला एक्स्टर्नल फ्लॅश कसा निवडावा

फ्लॅशच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा. ५८, ६० असे आकडे बघून फ्लॅश घेतला जातो आणि पहिल्याच कार्यक्रमात निराशा होते. आकडा खोटा नसतो, पण आपल्याला हवं ते तो सांगत नाही. हा फ्लॅश माझ्या कॅमेऱ्यावर उडेल का? त्याचं डोकं वर-खाली आणि आजूबाजूला, दोन्हीकडे वळतं का? एक फोटो काढल्यावर पुढच्यासाठी तो किती सेकंदांत तयार होतो? पैसे देण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात. घरातलं बारसं, मुंज, साखरपुडा किंवा सुरुवातीच्या छोट्या ऑर्डरी साध्या डीएसएलआरवर अथवा सुरुवातीच्या मिररलेसवर करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढची माहिती दिली आहे.

पाय आणि पिना

फ्लॅशचा जो भाग कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या खाचेत सरकतो, तो त्याचा पाय. पायाखाली मधोमध एक मोठी पिन असते. फ्लॅश उडवण्याचं काम तिचं. तिच्या आजूबाजूच्या लहान पिनांमधून कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांशी बोलतात: किती प्रकाश हवा, लेन्स किती झूम आहे, शटर किती वेगाने पडणार. या लहान पिनांची जागा आणि भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. म्हणून एकाच मॉडेलचा फ्लॅश कॅनन, निकॉन, सोनी आणि फुजीसाठी वेगवेगळा मिळतो. गोडॉक्स या कंपनीच्या फ्लॅशच्या नावाच्या शेवटी सी, एन, एस, एफ अशी अक्षरं असतात, ती याचसाठी. ऑर्डर देताना एक अक्षर चुकलं की फ्लॅश आपोआप प्रकाश मोजणार नाही.

कॅननवाल्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. २००डी मार्क टू, १५००डी आणि ३०००डी या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांमधून कंपनीने हॉट शूमधला मधला संपर्कबिंदू काढून टाकला. नुसत्या मधल्या पिनेवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश अशा कॅमेऱ्यावर बसतात, त्यांचा दिवा लागतो, टेस्टचं बटण दाबलं की उडतातही, पण शटर दाबलं की काहीच होत नाही. फ्लॅश बिघडला समजून लोक तो परत पाठवतात आणि दुसरा आला की पुन्हा तेच. कॅमेरा हातात घ्या, हॉट शूवर उजेड पाडा आणि मधोमध गोल धातूचा ठिपका आहे का ते डोळ्यांनी बघा. नसेल तर कॅननची भाषा बोलणारा टीटीएल, म्हणजे ताकद आपोआप ठरवणारा फ्लॅशच घ्या.

सोनीचे २०१२ च्या आधीचे कॅमेरे वेगळ्या आकाराच्या शूचे होते, नंतर मल्टी इंटरफेस शू आला. जुना सोनी वापरत असाल तर आधी शूचा आकार जुळतोय का ते पाहा.

घरात वडिलांचा किंवा काकांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश पडून असेल तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्या काळातल्या काही फ्लॅशच्या पिनेवर दोनशेहून जास्त व्होल्ट येतात आणि तेवढ्याने कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. फ्लॅशमध्ये सेल घाला, तो चालू करून तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. मीटर डीसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर ठेवा. लाल टोक मधल्या पिनेला आणि काळं टोक पायाच्या कडेच्या धातूला लावा. बोटं धातूला लागू देऊ नका. आकडा सहा व्होल्टच्या आत आला तर निर्धास्त वापरा. त्याच्या वर आला तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा बघितल्याशिवाय लावू नका.

मॅन्युअल की टीटीएल

टीटीएलमध्ये शटर उघडण्याआधी फ्लॅश एक हलकी चमक टाकतो, कॅमेरा लेन्समधून ती मोजतो आणि खऱ्या चमकेची ताकद ठरवतो. मॅन्युअलमध्ये ताकद तुम्ही ठरवता: पूर्ण, निम्मी, पाव, अशी १/१२८ पर्यंत.

मॅन्युअल फ्लॅश साधारणपणे दहा हजारांच्या आत बसतो, टीटीएल दहा ते पंधरा हजारांच्या घरात जातो. नुसत्या किमतीकडे बघून मॅन्युअल उचलू नका, तुम्ही काय टिपता ते आधी बघा. मुंजीत मुलगा मातृभोजनाला बसलेला असतो, दोन मिनिटांत उठून भिक्षावळीला निघतो; तुमचं अंतर दर मिनिटाला बदलतं. तिथे टीटीएल हवा. एका जागी बसलेलं माणूस, पदार्थांचे फोटो, दागिने, ऑनलाइन विक्रीच्या वस्तू, पासपोर्ट फोटो यांत अंतर बदलत नाही. तिथे मॅन्युअल जास्त भरवशाचा, कारण तो प्रत्येक फोटोला तेवढाच प्रकाश देतो. टीटीएल फ्लॅश मॅन्युअलवरही चालवता येतो, उलटं होत नाही. पैसे जेमतेम पुरत असतील आणि काम कार्यक्रमांचं असेल, तर दोन महिने थांबून टीटीएल घेणं शहाणपणाचं.

टीटीएल कुठे फसतो तेही माहीत हवं. पांढरा अंतरपाट, नवरीच्या शालूची जर, स्टीलची भांडी, मागची काच यांवरून प्रकाश जोरात परततो. कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश पुरे झाला, आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेली ताकद कमी-जास्त करायची सोय) +२/३ ते +१ करा. काळा सूट आणि मागे अंधार असेल तर उलट होतं, तेव्हा −२/३ करा.

हाय स्पीड सिंकसाठी, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश वापरण्याच्या सोयीसाठी, जास्त पैसे मोजण्याआधी आपला कॅमेरा ते करतो का ते बघा. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये ही सोयच नाही. फ्लॅश कितीही महाग घेतला तरी शटर १/२०० च्या पुढे नेता येत नाही. गोडॉक्स टीटी६०० सारख्या मॅन्युअल फ्लॅशमध्ये ही सोय आहे, पण तो कॅमेऱ्यावर नसून लांब ठेवलेला असताना, गोडॉक्सच्या ट्रिगरसोबतच (कॅमेऱ्यावर बसून रेडिओने फ्लॅश उडवणारं यंत्र) मिळते. भर उन्हात लेन्स पूर्ण उघडून माणसांचे फोटो काढायचे असतील तरच हिची गरज पडते. हॉलमध्ये आणि घरात नाही.

डोकं

याबाबतीत तडजोड करू नका. डोकं सरळ छताकडे वळलं पाहिजे आणि डावी-उजवीकडे, निदान एका बाजूला मागपर्यंत फिरलं पाहिजे. नुसतं वर-खाली होणारे फ्लॅश सगळ्यात स्वस्त मिळतात. कॅमेरा आडवा असेपर्यंत ते ठीक वाटतात. उभा फोटो घेण्यासाठी कॅमेरा वळवला की तेच डोकं छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे बघायला लागतं, आणि भिंत लांब असेल तर प्रकाश हरवतो.

फ्लॅश घेण्याचं मुख्य कारणच हे वळणारं डोकं आहे. थेट चेहऱ्यावर मारलेला प्रकाश टिचभर जागेतून येतो, म्हणून कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पडते. तोच प्रकाश छतावर मारला की छताचा चार-पाच फुटांचा भाग दिव्यासारखा होतो आणि सावल्या मऊ पडतात.

आकडा: आपल्या खोलीत करून बघायचा हिशेब

गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला, पूर्ण ताकदीवर, मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चर. पण हा आकडा डोक्याच्या झूमनुसार बदलतो, आणि कंपन्या सगळ्यात लांब झूमचा आकडा छापतात. गोडॉक्स टीटी६०० चा ६० हा २०० मिमीचा आहे, योंगनुओ वायएन५६० फोरचा ५८ हा १०५ मिमीचा. म्हणजे मोठा आकडा दाखवणारा फ्लॅश जास्त ताकदीचा असेलच असं नाही. कॅननच्या ५८०ईएक्स टू या जुन्या फ्लॅशचा तक्ता बघितला की फरक कळतो: १०५ मिमीला ५८, ५० मिमीला ४२, ३५ मिमीला ३६ आणि २४ मिमीला २८. छतावर मारताना आपण ३५ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे ५८ च्या वर्गातल्या कुठल्याही फ्लॅशचा हिशेब ३६ धरून करा.

घरातली खोली घ्या. छत १० फूट, म्हणजे ३ मीटर. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, माणूस अडीच मीटर लांब. छतावर आपटून प्रकाश साधारण ३.९ मीटर प्रवास करतो. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणजे आयएसओ ४०० ला ३६ चे ७२. ७२ भागिले ३.९ म्हणजे एफ १८. पांढरं छत दीड ते दोन स्टॉप खातं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दोन धरू, उरलं एफ ९. किट लेन्सवर एफ ५.६ ठेवलं तर फ्लॅशची निम्म्यापेक्षा थोडी कमी ताकद लागेल. उत्तम. फ्लॅश तापणार नाही आणि दोनेक सेकंदांच्या आत पुन्हा तयार होईल.

आता हीच खोली, पण दोन सेलवर चालणारा खिशात मावेल असा छोटा फ्लॅश, गोडॉक्स टीटी३५० सारखा. त्याचा छापील गाइड नंबर १०५ मिमीला ३६. त्याच प्रमाणात उतरवला तर ३५ मिमीला २२ च्या आसपास. आयएसओ ४०० ला ४४, भागिले ३.९ म्हणजे एफ ११, छताचे दोन स्टॉप वजा जाता एफ ५.६. म्हणजे प्रत्येक फोटोला पूर्ण ताकद, प्रत्येक फोटोनंतर थांबणं आणि सेल लवकर रिकामे. छोट्या मिररलेसवर, प्रवासात, थेट मारायला तो चांगला आहे. छतावर मारून कार्यक्रम करायला नाही.

मंगल कार्यालयाचं छत २० फुटांवर, म्हणजे ६ मीटरवर असलं तर मोठ्या फ्लॅशचंही अवघड होतं. प्रकाशाचा प्रवास ९ मीटरच्या वर जातो आणि आयएसओ ४०० ला पूर्ण ताकदीवर जेमतेम एफ ४ मिळतो. इथे आयएसओ १६०० करा, एफ ५.६ ला निम्मी ताकद पुरेल. मांडवात रंगीत कापडाचं छत असेल तर वर मारूच नका, कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर येतो. घरातल्या हिरव्या-गुलाबी भिंतींचंही तेच. नंतर संगणकावर हा रंग काढणं कठीण जातं, कारण तो चेहऱ्याच्या एका बाजूलाच असतो.

फेटा आणि मुंडावळ्यांचा मुद्दा वेगळा. नुसत्या छतावरून प्रकाश आला की फेट्याच्या कडेखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड पांढरा कागद डोक्याच्या मागच्या बाजूला रबर बँडने असा बांधा, की तो काचेच्या वर दहा-बारा सेंटिमीटर उभा राहील. बहुतेक प्रकाश वर जातो, थोडा कागदावरून पुढे येतो आणि डोळ्यांत चमक दिसते. बऱ्याच फ्लॅशच्या डोक्यात असं छोटं कार्ड आत सरकवलेलं असतंच, पण ते फार लहान पडतं. दुधी प्लॅस्टिकची टोपी छोट्या पांढऱ्या खोलीत काम करते. उघड्यावर ती प्रकाश चहूकडे फेकते, सेल लवकर संपवते आणि सावल्या तितक्याच कडक राहतात.

सेल

फ्लॅशच्या बजेटमधून सेल आणि चार्जरचे पैसे आधीच बाजूला काढा. भिंतीवरच्या घड्याळातले झिंक-कार्बन सेल फ्लॅशला चालत नाहीत. अल्कलाइन चालतात, पण त्यांचा आतला विरोध जास्त असल्याने प्रत्येक फोटोनंतर वेळ वाढत जातो. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असूनही फ्लॅशला वेगाने वीज पुरवतात. चांगल्या सेलवर टीटी६०० पूर्ण ताकदीनंतर सुमारे अडीच सेकंदांत तयार होतो. पडून राहिल्यावर चार्ज टिकवणारे, एनेलूपच्या पद्धतीचे १९००–२००० एमएएचचे दोन संच घ्या, म्हणजे आठ सेल. प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर घ्या. संचांवर मार्करने अ आणि ब लिहा, एका संचातला सेल दुसऱ्यात मिसळू नका. चारांतला एक जरी कमजोर असला तरी फ्लॅश त्याच्याच वेगाने चालतो.

महिन्याला दोन-तीन लग्नं करणाऱ्याला गोडॉक्स व्ही८६० सारखा लिथियम बॅटरीचा फ्लॅश परवडतो: पुन्हा तयार व्हायला दीड सेकंद आणि एका चार्जवर कित्येकशे चमका. किंमत वीस हजारांच्या आसपास जाते. वर्षाला चार कार्यक्रम असतील तर त्याची गरज नाही. शिवाय लिथियम बॅटरी खराब झाली तर त्याच मॉडेलची शोधावी लागते, साधे सेल गावच्या बाजारातही मिळतात.

मग नेमका कुठला

कार्यक्रम, एकच फ्लॅश, कॅमेऱ्यावर: गोडॉक्स टीटी६८५ टू, आपल्या कंपनीच्या अक्षराचा. वस्तू, पदार्थ, पोर्ट्रेट, शिकणं: टीटी६०० आणि सोबत आपल्या कॅमेऱ्याचा एक्स२टी ट्रिगर, किंवा वायएन५६० फोर. दोन्हींत रेडिओ रिसीव्हर आत आहे, त्यामुळे फ्लॅश स्टँडवर ठेवून लांबून उडवता येतो. दोघांचे रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून पहिला फ्लॅश घेतानाच घराणं ठरवा. आज टीटी६८५ घेतलात तर उद्या स्वस्तातला टीटी६०० दुसरा फ्लॅश म्हणून त्याच रेडिओवर चालतो. सुरुवातीच्या माणसाला गोडॉक्स सुचवण्याचं खरं कारण हे आहे.

जुना फ्लॅश घेताना

जुन्या बाजारात चांगला माल मिळतो, पण आपला कॅमेरा आणि चार्ज केलेले सेल घेऊनच जा. पायाच्या पिना आणि कुलूप बघा. पाय डगमगत असेल तर फ्लॅश कधीतरी पडलेला आहे. डोक्यासमोरची प्लॅस्टिकची काच तपकिरी किंवा वितळल्यासारखी दिसत असेल तर तो पूर्ण ताकदीवर फार राबला आहे. झूम बदलताना आत मोटर एकसारखी फिरली पाहिजे, खरखर नको. पूर्ण ताकदीवर दहा चमका मारा आणि घड्याळ लावा. तयार व्हायला दहा-बारा सेकंद लागत असतील तर कपॅसिटर (चमकेसाठी वीज साठवणारा भाग) किंवा सेलचे संपर्क खराब झाले आहेत. सेलचा कप्पा उघडून पांढरी-हिरवी पावडर दिसते का ते बघा. शेवटी कमीत कमी ताकदीवर पाच फोटो घ्या, सगळे सारखे उजळ आले पाहिजेत.

नवा घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव आणि छापील किंमत आहे का बघा आणि पक्कं बिल घ्या. आयातदाराचा पत्ताच नसलेल्या मालाची वॉरंटी घेऊन जायचं कुठे?

पहिल्या दिवसाची जुळणी

कॅमेरा एम मोडवर, शटर १/१२५, एफ ५.६, आयएसओ ४००. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. खोली किती अंधारी येते ते कळेल. हवं तर आयएसओ वाढवा. मग दोन्ही यंत्रं बंद ठेवून फ्लॅशचा पाय शूमध्ये शेवटपर्यंत सरकवा आणि कुलूप लावा. डोकं छताकडे, किंचित मागे. टीटीएल असेल तर कॉम्पेन्सेशन शून्यावर, मॅन्युअल असेल तर १/४ वर. फोटो घ्या, चेहरा बघा, एकेक टप्पा वर-खाली करा. शटरने मागची खोली उजळते-काळवंडते, अ‍ॅपर्चर आणि आयएसओने दोन्ही, फ्लॅशच्या ताकदीने फक्त माणूस. हे एका संध्याकाळी घरात वीस फोटो काढून बोटांत बसवून घ्या.

बिघाड वाटतो तेव्हा बहुतेकदा कारण साधं असतं. फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतोय: शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगापुढे, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगापुढे गेलंय, १/१६० वर आणा. टीटीएलवर सगळे फोटो पांढरे फटक: पाय अर्धवट सरकलाय किंवा पिना काळवंडल्यात, पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासून कचरा झटका. मिररलेसवर फ्लॅश उडतच नाही: सायलेंट शटर चालू आहे. मिररलेसचा पडदाच काळा दिसतोय: एक्स्पोजरचा प्रीव्ह्यू बंद करा. लांब ठेवलेला दुसरा फ्लॅश डोळ्यांना उडताना दिसतो पण फोटोत येत नाही: तो पहिल्याच्या टीटीएल चमकेला फसून आधीच उडतोय, त्याला एस१ ऐवजी एस२ वर, म्हणजे ती पहिली चमक सोडून देणाऱ्या मोडवर टाका. आणि फ्लॅश मध्येच थांबला असेल तर तो तापलाय. पूर्ण ताकदीवर लागोपाठ तीसच्या आसपास चमका झाल्या की निदान दहा मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, आणि ती टाळणाऱ्यांच्याच फ्लॅशच्या नळ्या जातात. त्यापेक्षा आयएसओ एक टप्पा वाढवा, ताकद निम्मी होते.

बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. आतला कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो.

सीझन संपला की सेल बाहेर काढून ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, फ्लॅश बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. महिन्यातून एकदा सेल घालून पाच मिनिटं चालू ठेवा आणि पूर्ण ताकदीवर चार-पाच चमका मारा, म्हणजे कपॅसिटर मरगळत नाही. सहा महिने बंद असलेला फ्लॅश थेट लग्नाला नेऊ नका. आदल्या दिवशी हे करून घ्या आणि तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजून ठेवा.